फ्रीजमधली किल्ली

टप्! नळाचा थेंब रिकाम्या पातेल्यात पडला आणि दुपारची शांतता मोडली. "झालं! रेकॉर्डिंग परत पहिल्यापासून," घरातली सून पुटपुटली आणि नळाखाली फडके ठेवून आली.

मित्रांनो, तो थेंब तुम्हाला ऐकूही आला नसता. मला तो ढोलासारखा वाजला. कारण मी एक जुना माइक आहे. हातभर लांब आणि अंगावर करड्या केसांचे आवरण, वाऱ्याचा घोंघाट अडवण्यासाठी. घरातली चिमुरडी मला 'मांजर' म्हणते. मला डोळे नाहीत. जे सांगतो आहे ते सारे ऐकलेले.

कारखान्यात मी तयार झालो तेव्हा एका इतक्या शांत खोलीत माझी परीक्षा घेतली की तिथे श्वाससुद्धा मोठा वाटे. मग मला चिमुरडीच्या आईच्या मामाने घेतले. मामा चित्रपटांसाठी आवाज टिपायचा. लांब काठीच्या टोकाला बांधून तो मला नटांच्या डोक्यावर धरी. जरा खाली आलो की कॅमेऱ्यामागून ओरडा, "माइक दिसतोय!" टाळ्या नटांना मिळत. मामा मात्र मला पेटीत ठेवताना म्हणे, "आज छान ऐकलंस हं." तेवढ्यावर माझे पोट भरे.

मामाची कामाची रीत ठरलेली होती. खोलीतले काम संपले की सगळ्यांनी पुतळ्यासारखे उभे राहायचे आणि त्या खोलीची नुसती शांतता टिपायची, नंतर संवादांमधल्या फटी भरायला. दोन खोल्यांची शांतता कधी सारखी नसते, मित्रांनो! घरात काम असेल तर फ्रीज बंद करायचा, कारण त्याची घरघर नडते. आणि बंद करताच गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवायची. म्हणजे निघताना किल्ली शोधावी लागते आणि फ्रीज चालू करायचे आठवते.

पुढे कॉलरला लावायचे इवलेसे माइक आले आणि मी कपाटात स्वेटरांखाली गेलो. लोकरीत काहीच ऐकू येत नाही. तिथून मामाने मला या भाचीच्या हाती दिले, तेव्हा मला पुन्हा ऐकू येऊ लागले.

तिला चित्रपट शिकायचा होता. दोन ठिकाणी तिचा नंबर लागला. एक होती लांबच्या शहरातली नावाजलेली संस्था: दिग्दर्शनाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम, वसतिगृहात राहणे, लेकीला सोबत ठेवायची परवानगी नाही. दुसरी इथलीच: ध्वनिमुद्रणाचा एका वर्षाचा, संध्याकाळी घरी. दीर म्हणाला होता, "वहिनी, शनिवार-रविवारचा कर ना एखादा. हौस भागेल." त्यावर ती एवढेच म्हणाली, "हौस नाहीये ती."

सासूबाई म्हणाल्या, "मोठ्या ठिकाणी जा. पोरीला मी बघते." नवराही "जा" म्हणाला. कुणी अडवलेच नाही, म्हणून तिलाही थांबता येईना. दोन्हीकडे उत्तर कळवायची मुदत उद्या संपत होती, आणि आज नवरा लवकर येऊन तिला प्रवासाची बॅग घ्यायला नेणार होता.

तो आला तेव्हा आवाज टिपायचे काम संपवून ती लेकीची वेणी घालत होती.

"स्कूटरची किल्ली कुठंय?" त्याने विचारले.

खण उघडले, उशा झटकल्या. मग स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, "अगं बाई! किल्ली दुधाच्या पातेल्यावर! आणि हा फ्रीज मेला गरम कसा?"

"अय्या! मी बंद केला होता..."

"कशाला?"

"घराचा आवाज घेत होते. तिकडे न्यायला."

नवरा हसता हसता थांबला. "म्हणजे बॅग यायच्या आधी तू घराचा आवाज भरलास? दिग्दर्शन शिकायला निघालेल्या बाईने फोटो नेला असता गं. प्रवेशासाठी पाठवलेल्या तुझ्या फिल्ममध्येसुद्धा अर्धा वेळ पडदा काळाच होता, नुसते आवाज. मला वाटलं, बिघडलीय."

तिने श्वास रोखून धरला होता. मला ते ऐकू येते.

"मला तिकडे नाही जायचं," ती म्हणाली. "पोरीसाठी सोडत नाहीये हं. म्हणजे, थोडं पोरीसाठीही. पण मला आवाजाचंच काम शिकायचंय."

"मग इतके दिवस तोंडात काय धरलं होतंस?" नवऱ्याने विचारले.

"तुम्ही सगळे इतके तयार झाला होतात! नको म्हणायची लाज वाटली."

"तयार कसली!" सासूबाई धपकन खुर्चीत बसल्या. "तीन वर्षं या पोरीमागे पळायचं म्हणून रोज सकाळी फिरायला जात होते मी, दम वाढवायला. सुटले बाई एकदाची!"

मग सगळे एकदमच हसले, आणि तिचा तो अडकलेला श्वास सुटला. मित्रांनो, मी पडद्यावरच्या मोठमोठ्या नटांचे हसणे टिपले आहे, पण इतके हलके काही माझ्या कानांवर आले नव्हते.

बॅग आलीच नाही. दूध तेवढे नासले.

मला कोरड्या फडक्याने पुसा, ओलीपासून जपा, एवढेच माझे मागणे. आणि घरातले कुणी श्वास रोखून 'हो' म्हणत असेल, तर तेही जरा कान देऊन ऐका.

दुसऱ्या दिवशी दोन्हीकडे उत्तरे कळवून झाल्यावर तिने लेकीच्या कानांवर हेडफोन ठेवले आणि कालची शांतता ऐकवली. पोरीने हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले.

"आई, हा आपल्या घराचा आवाज?"

"हो गं राणी."

"मग आपण सगळे बाहेर गेलो की घर कुणाला ऐकवतं?"

तिने मला चालू केले, लेकीचा हात धरला आणि दोघी दार ओढून बाहेर पडल्या. मी ऐकतच राहिलो.