मुळांचा वास

दिवसभर दुसऱ्यांच्या दाढा कोरून दातांच्या डॉक्टरीणबाई विटल्या होत्या. ड्रिलची घरघर आणि औषधांचा वास आपल्याबरोबर घरी येतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून पंचेंद्रियं जागी करणारी घरं सजवतात अशी ज्यांची ख्याती होती, त्या डिझायनरबाईंच्या हाती त्यांनी अख्खा हॉल सोपवला.

दोन महिन्यांत हॉल ओळखू येईना. तळपायांसाठी दारापासून सोफ्यापर्यंत गोटे बसवले होते. डॉक्टरीणबाईंचा नवरा त्यांवरून तापल्या तव्यावर चालावं तसा चालायचा. कानांसाठी एका भिंतीवरून अखंड पाणी झुळझुळायचं. पाहुणे टेकले की पाच मिनिटांत बाथरूम कुठंय ते विचारत. दुसऱ्या भिंतीवर लाकडी पट्ट्या होत्या आणि त्यांच्यामागे सुकं गवत नि झाडांची मुळं भरली होती. ती नाकासाठी.

तिसऱ्या आठवड्यात त्या भिंतीतून वास सुटला.

"उंदीर मेलाय," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनाही तसंच वाटलं होतं. पण त्यांनी आधी डिझायनरबाईंना बोलावलं. त्या भिंतीला नाक लावून उभ्या राहिल्या, डोळे मिटले आणि छाती भरून श्वास घेतला. ते बघून नवऱ्याने नाकाशी नेलेला रुमाल खिशात परत घातला.

"मुळांचा वास आहे हा. आता कुठे भिंत बोलायला लागलीय."

"पण जरा उग्र नाही वाटत?" डॉक्टरीणबाईंनी चाचरत विचारलं.

"खोल आहे. आपल्या नाकांना खोल वासाची सवयच राहिलेली नाही."

नवऱ्याने मान डोलावली. मग डॉक्टरीणबाईंनीही डोलावली. "आई, तुम्हालाही होईल सवय."

"हो, मेल्यावर," सासूबाई म्हणाल्या.

पुढचे पाच दिवस नवरा-बायको आल्यागेल्याला तो खोल वास समजावून सांगत होते. एक मैत्रीण तर तो फारच भावला म्हणाली आणि चहा न घेताच पळाली.

सहाव्या दिवशी सून दवाखान्यात गेल्यावर सासूबाईंनी भिंत बसवणाऱ्या सुताराला परस्पर बोलावलं. त्याने चार पट्ट्या उचकटल्या, आत हात घातला आणि उंदीर वर्तमानपत्रात गुंडाळून बाहेर काढला.

"तुमच्या डिझायनरबाईंना कळलं कसं नाही रे?"

"कसं कळणार, आजी? चार वर्षांपूर्वी मोठा ताप आला, तेव्हापासून नाक गेलंय त्यांचं. शेजारी पॉलिशचा डबा उघडा पडला तरी पत्ता नसतो. आम्ही सगळे कामगार जाणतो."

संध्याकाळी हे ऐकल्याबरोबर डॉक्टरीणबाईंनी डिझायनरबाईंना फोन लावला.

"खरं सांगा. तुम्हाला वास येतो?"



"नाही येत."

"मग ते मुळांचा, खोल, असलं सगळं कशाच्या जोरावर सांगितलंत?"

"काम जाईल अशी भीती वाटली. पण डॉक्टर, तुम्हाला तर येत होता ना? मग तुम्ही का गप्प बसलात?"

डॉक्टरीणबाईंच्या ओठांवर सुनावायचं बरंच तयार होतं. ते तसंच गिळून त्यांनी फोन ठेवला. दुखतंय तर दुखतंय म्हणा, लाजता कसले, असं रोज पेशंटना दटावणाऱ्या आपण स्वतःच्या नाकाची बाजू घेऊ शकलो नाही, हे त्यांना चांगलंच झोंबलं.

तेवढ्यात नवरा आला. गोट्यांवरून तोल सावरत सोफ्यापर्यंत पोचला, दोनदा हुंगलं आणि थबकला.

"वास गेला?" तो हिरमुसून म्हणाला. "मला आत्ता कुठे आवडायला लागला होता."