उत्पलेच्या मातीवरचे काटे

ज्या देशात जावयाचे की नाही हे रविवारपर्यंत कळवावयाचे होते, त्या देशाबद्दल रंजीताने अद्याप एकही प्रश्न विचारला नव्हता. तेथे भात पिकतो का, भाजी कोणती मिळते, माणसे कोणती भाषा बोलतात, काही म्हणजे काही नाही. ही गोष्ट प्रफुल उंदीरवाडे याच्या ध्यानात आली, तेव्हा तो सिंदेवाहीच्या बाजारातून वांगी आणि लाखोळीची भाजी घेऊन गावाकडे परतत होता. ध्यानात आल्यावरही त्याच्या अंतःकरणात काही हालले नाही. त्याने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि तो चालू लागला.

प्रफुल हा याच मातीतला. आयटीआय करून तो गडचांदूरच्या सिमेंटच्या भट्टीवर लागला, तेथे हुशार ठरला आणि तेथून समुद्र ओलांडून ओमान देशी गेला. लग्न झाल्यावर रंजीतालाही घेऊन गेला. उघडेबोडके डोंगर, डोंगराच्या पायथ्याशी कारखाना, कारखान्याच्या मागे कामगारांच्या खोल्या, असा त्यांचा संसार. आता तेथील जुनी भट्टी मालक कायमची बंद करणार होते. त्याच मालकांनी व्हिएतनाम देशात नवा कारखाना घेतला होता. प्रफुलपुढे दोन वाटा होत्या. एक तर त्या नव्या देशी नव्या भट्टीवर जावे, किंवा ओमानातच राहून पोती भरण्याच्या विभागात हलके काम पत्करावे. हा विचार करण्यासाठी म्हणूनच ती दोघे रजेवर घरी आली होती.

तथापि जो विचार करावयाचा होता, तो कोणीच करीत नव्हते. कारण त्या उघड्या डोंगरापाशी, परधर्मीयांसाठी राखलेल्या एका लहानशा स्मशानभूमीत, त्यांची तान्ही लेक उत्पला होती. दात यावयाच्या आधीच, गेल्या उन्हाळ्यात, तापाने गेली. आपल्या चालीप्रमाणे लहान लेकराला जाळीत नाहीत, मातीत ठेवतात. तशी ती मातीत ठेवली. फरक इतकाच की ती माती आपली नव्हती.

प्रफुल तिसऱ्याच दिवशी कामावर गेला होता. लोकांना ते निष्ठुरपणाचे वाटले असेल. पण ज्याने भट्टी पाहिली आहे त्याला ते कळेल. सिमेंटची भट्टी म्हणजे आडवा ठेवलेला एक प्रचंड लोखंडी नळ. तो तापलेला असताना एकाएकी थांबला, तर त्याला तसाच ठेवता येत नाही. आपल्याच उष्णतेने आणि आपल्याच भाराने तो मधोमध वाकतो. यास्तव त्याला लहान यंत्र लावून थोडा थोडा फिरवीत ठेवतात. त्या फिरण्याने सिमेंट होत नाही. फक्त भट्टी वाकत नाही, एवढेच. प्रफुल तसा फिरत राहिला होता, आणि रंजीता स्वयंपाक करीत राहिली होती.

प्रफुल बाजारातून घरी आला, तर अंगणात वडील रामाजी आणि शेजारचे इतवारीजी उन्हात बसलेले. रामाजी विहाराचे सचिव. दर पौर्णिमेला वंदना त्यांच्याच आवाजात होई. त्यांच्या हातात सुतळीचा एक तुकडा होता आणि त्याला ते गाठ मारीत होते.

"बाबा, हे का करून राह्यले?"

"विहारातला ओटा मोजून आणलो. बुद्धमूर्ती एवढी पायजे. याच्यावर गेली तं छताले लागन, कमी झाली तं शोभत नाई. ही सुतळी संग ने."

"बाबा, अजून काही ठरलं नाई ना."

"ठरलं नाई म्हणजे? बुद्धाच्या देशातून बोलावणं आलं, आन् तू ठरलं नाई म्हणतं?"

इतवारीजींनी डोळे मिचकावले. "का गा प्रफुल, तिथी समदेच बौद्ध हायेत म्हणते?"

"बरेच हायेत, काका."

"मंग तिथी जात पडताळणी कोणाची करत असतीन? ते ऑफिसातले बिचारे रिकामेच बसत असतीन."

रामाजी हसता हसता खोकले. "तुले काही सुचते बे इतवारी! उद्या सत्कारात असं काही बोलू नोको."

"कोणाचा सत्कार?" प्रफुलने विचारले.

तेव्हा त्याला कळले की, उद्याच्या पौर्णिमेला विहारात त्याचाच सत्कार ठरला आहे. बुद्धाच्या देशी जाणारा गावातला पहिला मुलगा म्हणून. शाल आली होती, निकेशने फलक रंगविला होता, आणि फलकावर व्हिएतनामचे नाव पंचशील ध्वजाच्या खाली ठळक लिहिले होते. मुलाला न विचारता बापाने सगळ्या गावाला सांगून टाकले होते. पण बापाच्या चेहऱ्यावर जे तेज होते ते पाहून प्रफुल भाजीची पिशवी घेऊन आत गेला. नातीच्या मरणानंतर त्या माणसाला आनंदाची पहिलीच गोष्ट सापडली होती.

आत रंजीता आणि तिची सासू केसरबाई लाखोळीची भाजी निवडावयास बसल्या. प्रफुल भिंतीला टेकून बसला. केसरबाईंनी एक जून देठ बाजूला टाकला. मग भाजीवरची नजर न काढता त्यांनी विचारले,

"बाबू, एक विचारू का? लेकरावर काटे ठेवले होते का?"

येथे वाचकांस सांगणे अवश्य आहे. आमच्या भागात लहान लेकरू धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पुरले की त्या मातीवर दगड रचतात आणि दगडांवर बोरीची काटेरी फांदी दाबून ठेवतात. जंगल जवळ असते. कोल्हा येतो, उकरतो. आई घरी झोपू शकावी म्हणून ते काटे असतात.

"ठेवले होते, माय."

"तिथी बोर भेटली?"

"बोर नाई भेटली. समर म्हणून झाड रायते, आपल्या बाभळीवानी. त्याची फांदी तोडून ठेवलो."

ते खरे होते. पण सारे नव्हते. तेथील राखणदार नूरुल हा बांगलादेशचा. त्याने पहिल्याच आठवड्यात ती फांदी कचरा समजून बाहेर फेकून दिली. प्रफुलने दुसरी आणली. त्याने तीही फेकली. तिसऱ्या वेळी दोघांची गाठ पडली, आणि प्रफुलने मोडक्या हिंदीत सांगितले, हमारे यहाँ रखते हैं, जानवर के लिए. नूरुलने चारी बाजूंना पाहिले. सिमेंटची उंच भिंत, लोखंडी फाटक, पलीकडे उघडे दगड. "इधर जानवर किधर है, भाई?" त्याने विचारले. प्रफुलने हातातली फांदी दगडांवर दाबली. तो उभाच राहिला. तेव्हापासून नूरुलने फांदीला हात लावला नाही. ती वाळली की सुट्टीच्या दिवशी, शुक्रवारी, नवराबायको नवी फांदी नेत. तेथे बसून बोलत नसत. फांदी ठेवीत, पाणी शिंपडीत आणि परत येत.

"तिथी कोल्हे हायेत का?" केसरबाईंनी पुन्हा विचारले.

"नाई, माय. वाळवंट हाय. भिंत हाय चांगली."

"मंग काटे कायले ठेवता वो?" केसरबाईंनी हे सुनेकडे पाहून विचारले. आवाजात दोष नव्हता. म्हातारीने आपल्या दोन लेकरांवर असेच काटे ठेविले होते आणि तिला नुसते समजून घ्यावयाचे होते.

रंजीता उठली. भाजीचे ताट तिने जपून खाली ठेवले आणि ती मागच्या अंगणात गेली. तेथे ती रडली असेल असे प्रफुलला वाटले. पण त्याने जाऊन पाहिले, तर ती दोरीवरचे वाळलेले कपडे काढून घड्या घालीत होती. डोळे कोरडेठाक.

"रंजीता, तुले का वाटते? जावं का नाई?"

"तुमी म्हणाल तसं."

"मी तुले विचारून राह्यलो."

"मी बी तेच सांगून राह्यली. तुमी म्हणाल तसं."

त्याने तिच्या हातातली घडी केलेली चादर घेतली, आणि ती कोठे ठेवावी हे न सुचून पुन्हा तिच्याच हातात दिली.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, तिसऱ्या प्रहरी विहार भरला. वंदना झाली. निकेश हा युवक मंडळाचा अध्यक्ष, बोलण्यात पट्टीचा. तो बराच वेळ बोलला. ज्या समाजाला गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हते, त्या समाजाचा मुलगा आज अडीच हजार वर्षांचा धम्म जेथे नांदतो त्या देशाला सिमेंट बनवून देण्यास निघाला आहे, असे तो म्हणाला तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. मागून इतवारीजींचा आवाज आला, "अगा, तिथल्या पोट्ट्यायले आपलं भजन शिकवजो!" लोक हसले.

प्रफुलला शाल पांघरली. दोन शब्द बोला म्हणाले. तो उभा राहिला. त्याला म्हणावयाचे होते, अजून ठरले नाही. त्याने बायकांच्या बाजूला पाहिले. रंजीता सासूजवळ बसली होती, मांडीवर फोन पालथा. मग त्याने बापाकडे पाहिले. रामाजींच्या मुठीत ती सुतळी होती.

"आपला आशीर्वाद असू द्या. जयभीम," एवढेच तो म्हणाला आणि बसला.

आपण हो म्हटले की नाही, हे त्याचे त्यालाच कळले नाही. शाल गरम होती; पण तिची ऊब अंगाला लागत नव्हती.

खिरीचे वाटप झाले. बायका पांगल्या. विहाराच्या पायरीवर रंजीता त्याच्यासाठी थांबली होती. फोन तिच्या हातात होता.

"नूरुलभाईचा आला," ती म्हणाली.

छायाचित्र होते. ओळखीची माती, ओळखीचे दगड, आणि त्यांवर हिरवीगार, नुकती तोडलेली समरची फांदी. खाली त्याच्या आवाजातला निरोप होता. रंजीताने तो लावला.

"भाई, सलाम. आप लोग गाँव में हैं, तो आज मैं देखा, काँटा पुराना हो गया, हवा से उड़ गया. मैं नया काट के रखा. टेंशन मत लेना. मेरा कॉन्ट्रैक्ट भी मार्च में खतम है. मैं मलेशिया जा रहा हूँ, उधर काम मिला. नया आदमी आएगा, उसको बोल के जाऊँगा, ये कचरा नहीं है."

तिने निरोप पुन्हा लावला. शेवटच्या वाक्याला फोन कानाशी धरला. मग ती पायरीवर बसली. प्रफुलही शाल सावरीत शेजारी बसला. समोर धान निघालेली शेते मोकळी पडली होती आणि धुऱ्याधुऱ्यावर बोरी दाटल्या होत्या.

"हा बी चालला," ती म्हणाली.

"हो."

"हा नव्याले सांगन. मंग तो नवा बी जाईन कुठी तरी. जायच्या आधी तो आणखी कोणाले सांगन."

"सांगन ना. माणूस चांगला हाय."

"हा चांगला हाय जी. तो दुसरा कसा रायते कोणाले मालूम. आन् त्याले का म्हणून त्रास?" ती थांबली. बोटाने पायरीवरची धूळ तिने एकीकडे सारली. "आपून तिथीच राहू म्हटलं असतं, पोते भरू म्हटलं असतं, तरी एक दिवस सोडाच लागला असता ना तो देश?"

"सोडाच लागला असता. तिथी कोणी मरेपर्यंत ठेवत नाई."

तिने धुऱ्यावरच्या बोरींकडे पाहिले. मग म्हणाली, "आत्याबाईनं बराबर विचारलं. कोल्हे नाईत तं काटे कायले?"

प्रफुलने शालीचे टोक मांडीवर ओढले.

"मले झोप येत नव्हती म्हणून ठेवत होती मी," रंजीता म्हणाली. "लेकराले त्याचं काही नव्हतं. नूरुलभाईले लिहा, आता नोको ठेवू म्हणा. जे ठेवलं ते राहू दे. वाळलं की फेकून दे म्हणा."

"लिहू?"

"लिहा."

त्याने लिहिले. अंगठा दोनदा चुकला. थोड्या वेळाने नूरुलचे उत्तर आले. त्याने विचारले होते, ठीक आहे, पण पाणी घालू का?

प्रफुलने वाचून दाखविले. रंजीताने मान हलविली. "पाणी चालते. पाणी टाक म्हणा, जोपर्यंत हाय तोपर्यंत."

तेही त्याने लिहिले.

विहारातून रामाजी बाहेर आले. सून आणि मुलगा पायरीवर गप्प बसलेले पाहून ते क्षणभर थबकले. त्यांना काही तरी उमगले असावे, कारण मुठीतली सुतळी त्यांनी हळूच सदऱ्याच्या खिशात घातली आणि ते म्हणाले, "बाबू, मूर्तीचं राहू दे. घाई नाई. तुमाले पटन तसं करा."

"द्या ती सुतळी, मामाजी," रंजीता म्हणाली.

रामाजींनी ती काढून सुनेच्या हातात दिली. तिने ती बोटांभोवती गुंडाळली, गाठ नीट आहे की नाही हे पाहिले, आणि पदराच्या टोकाला बांधली. रामाजी इतवारीजींना हाक मारीत घराकडे निघाले.

ऊन उतरले होते. धानाच्या वाळल्या खोडांवरून गार वारा येऊ लागला. प्रफुलने अंगावरची शाल काढून तिच्या खांद्यांवर टाकली. तिने ती ओढून घेतली.

"तिथी थंडी रायते का जी?" तिने विचारले.

प्रफुलने तिच्याकडे पाहिले. नवा कारखाना त्या देशाच्या उत्तरेला आहे, एवढेच त्याला ठाऊक होते. थंडीचे त्याने कोणाला विचारले नव्हते.

"विचारून सांगतो," तो म्हणाला, आणि त्याने फोन पुन्हा हातात घेतला.