टोमण्यानं फुगणारी भाकरी

माणूस कौतुकानं बिघडतो आणि टोमण्यानं सुधारतो, हा मानवजातीच्या इतिहासातला मूलभूत नियम मी सानपाड्यात, आमच्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून शोधून काढला. पुरावा तांदळाच्या भाकरीचा होता.

सून नमिता रोज उकड काढून भाकऱ्या थापते. भाकरी टम्म फुगली की पूर्वी मी "वा!" म्हणायचो. दुसऱ्या दिवशी हमखास चपटी. उलट एखादी चामड्यासारखी निघाली की विचारायचो, "नमिता, हिच्या चपला शिवू का?" दुसऱ्या दिवशी सुधारणा. तेव्हा मी "वा" कायमचं बंद केलं. चपला चालू ठेवल्या.

तव्याशेजारच्या खिळ्यावर कॅलेंडरं टांगून दोन वर्षं खुणाही केल्या. फुगली तर गोल, फसली तर फुली. मे महिन्यात पंधरा दिवस मोऱ्याला, बहिणीच्या गावी गेलो, तेव्हा नमिताला बजावून गेलो, "खुणा चुकवायच्या नाहीत."

नात ज्ञानेश्वरी कॉलेजात संख्याशास्त्र शिकते. परवा मी तिला मोठ्या अभिमानानं कॅलेंडरं दाखवली. तिनं बोट फिरवत मे महिना गाठला.

"आजोबा, फुलीनंतर गोल येतोय, खरंय. पण तुम्ही मोऱ्याला होतात तेव्हा टोमणे कोण मारत होतं?"

मी पाहिलं. त्या पंधरा दिवसांतही फुलीनंतर गोलच होते.

"फार वाईट दिवसानंतरचा दिवस बहुधा बराच असतो. फार चांगल्यानंतरचा साधा. कधी पीठ जुनं, कधी तवा थंड. तुम्ही बोला नाहीतर गप्प बसा, भाकरीला फरक पडत नाही."

"म्हणजे माझं बोलणं..."

"फुकट गेलं. भाकरीवर. आईवर नाही. तुर्भ्याच्या कँटीनवाले कुलदीपकाका रोज साठ भाकऱ्या मागत होते. आईनं नकार दिला. म्हणाली, घरातच कोनाला आवडत नाय, बाहेर काय विकू?"

घरातच कोणाला, म्हणजे मला. घरात दुसरं कोणी बोलतच नव्हतं.

कुलदीपला फोन केला. तो फार अदबीनं म्हणाला, "काका, ते काम गेल्याच महिन्यात दुसऱ्या बाईंना दिलं."

संध्याकाळी भाषण तयार करून स्वयंपाकघरात गेलो. नमिता तव्यापाशी उभी होती. "नमिता, तुझी भाकरी चांगलीच होती. म्हणजे कधीकधी नव्हती, पण ते कोणाचंही..." इथे भाषण संपलं. "तुझं काम माझ्यामुळे गेलं गं."

तिनं भाकरीवर पाण्याचा हात फिरवला. उलटली. भाकरी फुगली. मी "वा" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"बाबा, एक सांगू?"

"सांग. काय वाट्टेल ते सांग." मी मान खाली घालून उभा राहिलो.

"ती कॅलेंडरं काढा तिथनं. माझा पिठाच्या चालनीचा खिळा हाय तो."