दस्तगीरचाचांनी जपलेला एहराम

मित्रांनो, मी एक जुना एहराम. न शिवलेली दोन पांढरी कापडं, एवढंच माझं अंग. हजला जाणारे पुरुष एक कापड कमरेला गुंडाळतात, दुसरं खांद्यावर घेतात. माझा जन्म सोलापूरच्या मागावर झाला. मुक्काम परंड्यात, दस्तगीरचाचांच्या पत्र्याच्या पेटीत. आणि स्वभाव, खरं सांगू, अगदी भित्रा.

चाचांनी मला मक्केला नेलं. तिथल्या पवित्र मशिदीत काबा आहे. मुसलमान जगात कुठंही असो, नमाजाला त्याच दिशेला तोंड करतो. मला अंगावर घेतलं की अत्तर लावायचं नाही, भांडायचं नाही, तिथल्या झाडाची फांदीसुद्धा मोडायची नाही. काब्याभोवती फेरे घालताना त्या गर्दीत मी जीव मुठीत धरून होतो. पण बघावं तिकडं माझेच भाऊबंद! कोण शेठ, कोण हमाल, काही कळेना.

परतताना चाचांनी मला मक्केतल्या पवित्र जमजम विहिरीच्या पाण्यात भिजवून वाळवलं. आपण गेल्यावर कफन याचंच करा, असं त्यांनी घरात सांगून ठेवलं. बरेच हाजी असं करतात. घरी आल्यावर खजूर वाटले. गल्लीतले मौलाली पिंजारी भेटायला आले. त्यांचा उभा जन्म कापूस पिंजण्यात गेला. हजला जाईन जाईन म्हणता गुडघे गेले. त्यांनी माझं टोक डोळ्यांना लावलं आणि ते लहान मुलासारखे रडले.

मग मी पेटीत गेलो आणि माझी काळजी सुरू झाली. तळाला गंज चढला. उंदरांची खुडबुड वाढली. कुणी मला ऊन दाखवेना. चाचा खोकले की मी घड्यांत आणखी आकसून बसे. मला बाहेर काढलं म्हणजे चाचा गेले. नाही काढलं तर उंदीर टपलेलेच. इकडे आड, तिकडे विहीर!

आज दुपारी पेटी उघडली. माझा धीरच सुटला. पण मला उचलणारे हात चाचांचेच होते! दारात शेजारचे बलभीम उभे होते. मौलाली गेल्याची बातमी त्यांनीच आणली होती.

“चाचा, ह्ये तर तुमी सोतासाठी ठिवलं हुतं न्हवं?” बलभीमनी विचारलं.

“व्हय. पण मौलाली लई आस लावून होता. त्याला हज घडली न्हाय, तिथलं कापड तरी लाभू दे.”

“आन् तुमाला?”

“मला बाजारातलं पुरंल. म्या काबा बघून आलोय, बलभीम. तिथून येऊन बी माझं-माझं करत बसू व्हय?”

मित्रांनो, आता मी चाचांच्या हातावर आहे. मौलालींचं दार आलंच. चाचांच्या वेळी त्यांना कोण झाकेल, ही काळजी मी सोबत नेतोय. तेवढं एक मागणं ऐका. जपून ठेवलेल्या वस्तूला अधूनमधून ऊन दाखवत जा. आणि तिच्यावर कुणाचा जीव असेल, तर तो माणूस असतानाच ती त्याच्या हाती द्या. मौलालींना मी मिळतोय खरा, पण त्यांना ते कधीच कळणार नाही.