खिडकीतला डबा आणि खांबामागची खुर्ची

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. माझ्या झाकणावर एकेकाळी दोन मांजरी होत्या, आता दीड उरली आहे. डाव्या कोपऱ्याला पोचा आहे आणि झाकण उघडताना कुरकुरते. हे सगळे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही माझ्या रूपाकडे बघत न बसता गोष्टीकडे लक्ष द्याल. मित्रांनो, माझ्या पोटातून हजारो माणसे नाटकाला, गाण्याला आणि जादूच्या प्रयोगाला गेली आहेत. घाबरू नका, मी कुणालाही गिळलेले नाही.

जन्माने मी बिस्किटांचा. एका मोठ्या नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीत कुणीतरी मला भेट म्हणून आणले. बिस्किटे दोन दिवसांत फस्त झाली आणि माझी रवानगी कचऱ्यात होणार होती. पण त्याच आठवड्यात खिडकीवर एक नवी बाई कामाला लागली होती. तिने मला उचलले, आतला चुरा झटकला, फडक्याने पुसले आणि म्हणाली, "याला काहीतरी काम देऊ या." पुढे सगळे तिला खिडकीमावशी म्हणू लागले, म्हणून मीही तेच म्हणतो.

मावशीने मला काम दिले ते असे. ज्याला कार्यक्रमाला येणे जमणार नाही, त्याने आपले तिकीट खिडकीवर परत आणून द्यायचे. ते माझ्यात पडायचे. ज्याला तिकीट मिळालेले नाही, त्याने माझ्यातले घ्यायचे, छापील किमतीलाच, आणि ते पैसे पहिल्याला पोचायचे. यात विशेष काही नाही म्हणाल. पण मावशीचे दोन नियम होते. परत करणाऱ्याने तिकिटाच्या पाठीवर न येण्याचे खरे कारण लिहायचे. आणि घेणाऱ्याने ते कारण खिडकीसमोर मोठ्याने वाचायचे. "दुसऱ्याच्या जागेवर बसताय, तर ती का रिकामी झाली ते तरी कळू दे," असे ती म्हणायची. एकेकाला एकच तिकीट, हा तिसरा नियम तिने नंतर केला. तो का केला, ते पुढे येईलच.

काय काय कारणे वाचली गेली माझ्यासमोर! "धाकटीला गोवर." "सासूबाई न कळवता आल्या." "दाढ." एकदा एका गृहस्थाने लिहिले, "बायकोशेजारी तीन तास बसण्याची इच्छा नाही." अर्ध्या तासाने त्याची बायको आली आणि तिने लिहिले, "त्याच्याशेजारी तर मुळीच नाही." दोन्ही तिकिटे माझ्या पोटात एकमेकांना चिकटून पडली. संध्याकाळी दोघेही, एकमेकांना नकळत, परत आले. मावशीने साळसूदपणे त्याला तिचे आणि तिला त्याचे तिकीट दिले आणि दोघांनाही मोठ्याने वाचायला लावले. रांग हसून हसून बेजार झाली. ती दोघे आत गेली तेव्हा तीही हसत होती.

एक तिकीट मात्र माझ्याकडे इतक्यांदा आले की ते मला घरचेच वाटू लागले. नवव्या ओळीतली सतरावी खुर्ची. नकाशावर ती अगदी मधोमध, मंचाच्या नाकासमोर. पण तिच्यापुढे छताला आधार देणारा जाडजूड खांब उभा आहे, तो नकाशात काढलेलाच नाही. मावशी ती खुर्ची विकताना आधीच बजावायची, "ऐकू सगळं येईल, दिसणार काही नाही."

आता तिसरा नियम. एके दिवशी एक तरतरीत तरुण आला आणि माझ्यातले एक तिकीट घेऊन गेला. थोड्या वेळाने निळी टोपी घालून आला आणि दुसरे घेऊन गेला. मग चौकटीची टोपी, मग लोकरीची. चौथ्यांदा मावशी त्याला म्हणाली, "ही शोभत नाही तुला. मघाची निळी बरी होती." तो लाजला, पण हटला नाही. कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबाखाली उभा राहून तो ती तिकिटे दुप्पट भावाने विकत होता. त्या दिवसापासून त्याचे नाव टोपीवाला पडले आणि माझ्या खिडकीवर पाटी लागली, 'एकेकाला एकच.'

पण मित्रांनो, टोपीवाल्याचे नशीब जोरात होते. वर्षभरात दिव्याखालून तो समोरच्या जिन्याखालच्या गाळ्यात गेला. मग गाळ्यावर 'तिकीट सेवा' अशी पाटी आली, मग तीन टेलिफोन आले, मग टेलिफोनवर बोलणाऱ्या चार मुली. गिऱ्हाइकेही खूश होती, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. ज्यांना रांगेत उभे राहायला वेळ नव्हता, त्यांची त्याने सोय केली. पुढे गाळा गेला आणि काचेचे ऑफिस आले. मग माणसांऐवजी यंत्रे तिकिटे विकत घेऊ लागली आणि लोकांच्या हातातल्या फोनवर ती चढ्या भावाने पुन्हा विकू लागली. त्याच्यासारखे आणखी दहा जण उभे राहिले. दिव्याखाली कुजबुजत चालणारा धंदा आता जाहिराती करू लागला.

शेवटी आमच्या नाट्यगृहानेही एका कंपनीशी करार केला. तिकिटे फक्त फोनवर. खिडकीवर 'चौकशी' असे लिहिले गेले आणि मावशी दिवसभर लोकांना स्वच्छतागृह कुठे आहे ते सांगू लागली. माझ्यात रबरबँड, संपलेली पेने आणि कुठल्याच कुलपाला न लागणारी एक किल्ली येऊन पडली. माझ्या झाकणावर ती चहाचा कप ठेवायची. अर्धी मांजर त्यानेच गेली. मला वाईट वाटायचे, खोटे कशाला बोलू? पण दर शनिवारी मावशी मला पुसायची, आणि ज्याला कुणी पुसते त्याने फार रडू नये असे मला वाटते.

आता मावशीची गोष्ट सांगतो. एकतीस वर्षांत तिने या नाट्यगृहातली प्रत्येक खुर्ची विकली होती, पण एकदाही कुठल्या खुर्चीवर बसून कार्यक्रम पाहिला नव्हता. पडदा उघडला तरी उशिरा येणाऱ्यांसाठी खिडकी उघडी ठेवावी लागे. एक गाणाऱ्या बाई दर वर्षी यायच्या. त्यांचा आवाज खिडकीमागच्या भिंतीतून यायचा आणि मावशी हातातले काम थांबवून भिंतीला कान लावायची. फुकट आत बसायला व्यवस्थापकांनी कितीदा सांगितले, पण ती म्हणायची, "बाहेर रांग ताटकळतेय आणि मी फुकट आत बसू? जमायचं नाही."

मावशी निवृत्त होणार त्याच आठवड्यात त्या बाईंचा शेवटचा कार्यक्रम जाहीर झाला. त्या आता वयोमानाने गाणे थांबवणार होत्या. मावशीने ठरवले, एकदा तरी तिकीट काढून, समोर बसून, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचे. आणि त्यांना बघायचे.

विक्रीच्या दिवशी तिची भाची फोन घेऊन खिडकीत येऊन बसली. दहाच्या ठोक्याला तिने बोट टेकवले.

"मावशी, तुझ्यापुढे रांगेत अकरा हजार लोक आहेत."

"अगं, खुर्च्या सहाशे! एवढे लोक उभे कुठं राहिले?"

"ती माणसं नाहीत गं. बरीचशी यंत्रं आहेत."

चार मिनिटांत सगळी तिकिटे संपली. पाचव्या मिनिटाला तीच तिकिटे टोपीवाल्याच्या फोनवरच्या दुकानात सहापट भावाने दिसू लागली. भाची चिडून लाल झाली. मावशी म्हणाली, "राहू दे. भिंत आहे की माझी." मग तिने माझ्यावरचा कप उचलला, आणि तो उगीचच बराच वेळ धुतला. मला त्या दिवशी फार राग आला होता. पण डब्याच्या रागाने काय होते?

कार्यक्रम पाच वाजता होता. तीनलाच बाहेर गर्दी जमली. बहुतेकांकडे तिकीट नव्हते, नुसती आशा होती. साडेतीनला एक दातांचे डॉक्टर तावातावाने चौकशीच्या खिडकीशी आले. त्यांनी सगळ्यांत महाग तिकीट घेतले होते आणि जागा कशी आहे ते आधीच बघून आले होते.

"मधोमध, खास जागा म्हणून विकली मला! समोर खांब आहे खांब! आणि ते म्हणतात पैसे परत मिळणार नाहीत."

"नववी ओळ, सतरा नंबर?" मावशीने विचारले.

"तुम्हाला कसं कळलं?"

मावशी हसू लागली. टोपीवाल्याच्या यंत्राने नकाशा पाहिला होता, नाट्यगृह पाहिले नव्हते. जी खुर्ची मावशी बजावून विकायची, ती त्याने सगळ्यांत वरच्या भावाला लावली होती. हसता हसता तिचा हात सवयीने माझ्याकडे आला. रबरबँड, पेने, किल्ली, सगळे टेबलावर ओतले गेले आणि मी कितीतरी वर्षांनी रिकामा झालो. "छापील किंमत मिळेल, तीही कुणी घेतलं तर. मागे कारण लिहा," ती म्हणाली. डॉक्टरांनी कागदावर छापलेले ते तिकीट उलटे केले आणि एकच शब्द लिहिला: 'खांब.'

रांगेतल्या एका म्हाताऱ्या शिंप्याने ते पाहिले आणि तो ओरडला, "अरे, डबा उघडला!"

मित्रांनो, त्यानंतर जे झाले ते आठवले की माझे झाकण अजून थरथरते. लोक खिशातून तिकिटे काढू लागले. कुणाची बहीण आली नव्हती, कुणाच्या मित्राची गाडी चुकली होती. फोनवरची तिकिटे भाची भराभर कागदावर छापून देत होती. 'बहिणीची बस बंद पडली,' असे वाचून एक शिक्षिका आत गेली. व्यवस्थापक धावत आले. "मावशी, करारात हे बसत नाही!"

"मी कुठं विकतेय, साहेब? परत आलेलं पुढं देतेय."

व्यवस्थापकांनी रांगेकडे पाहिले, मग चष्मा पुसायला घेतला आणि तो पुसतच राहिले.

सव्वाचारला टोपीवाला आला. केस पांढरे, अंगात भारी कोट, डोक्यावर मात्र टोपी नव्हती. त्याच्या हातात सत्तावीस तिकिटे होती. भाव आणखी चढेल म्हणून त्याने धरून ठेवलेली, आणि आता भाव घसरत चाललेला. सत्तावीस खुर्च्या रिकाम्या आणि बाहेर शंभर माणसे उभी, असे त्या शेवटच्या कार्यक्रमाचे होणार होते.

"मावशी, छापील किमतीला घ्या," तो हळूच म्हणाला.

"कारण लिही."

त्याने लिहिले, 'अडचण.' मावशीने मान हलवली. त्याने खोडून लिहिले, 'गिऱ्हाईक आलं नाही.'

"का आलं नाही?"

त्याने तेही खोडले आणि लिहिले, 'हाव.'

"आता सगळ्यांवर लिही. वरीलप्रमाणे चालणार नाही."

सत्तावीस वेळा त्याने तो शब्द लिहिला. आणि सत्तावीस माणसे एकामागून एक खिडकीशी आली आणि मोठ्याने वाचत गेली, "हाव!" "हाव!" पहिल्या पाचांना तो मान खाली घालून होता. दहाव्याला त्याचे ओठ हलले. एका पाच वर्षांच्या चिमुरडीने अक्षर लावून लावून "हा-व" वाचले, तेव्हा तो खदाखदा हसला आणि रांगही त्याच्याबरोबर हसली. सत्ताविसावे तिकीट दातांच्या डॉक्टरांना मिळाले, नवव्याच ओळीतले. त्यांनी तर तो शब्द अगदी आ वासून वाचला.

पहिली घंटा झाली. माझ्यात एकच तिकीट उरले होते, खांबामागचे. ते कुणीच घेतले नव्हते. मावशीने पर्स उघडली, पैसे ठेवले आणि नियमाप्रमाणे मोठ्याने वाचले, "खांब." मग ती थबकली, कारण खिडकी उघडी होती.

"तुम्ही जा मावशी," टोपीवाला म्हणाला. "खिडकी मी बघतो."

"तू?"

"एकेकाला एकच. तो नियम माझ्याइतका कुणाला पाठ असणार?"

मावशी निघाली आणि गडबडीत मलाही काखेत मारून घेऊन गेली. असा मी एकतीस वर्षांनी आत गेलो. खुर्च्या मऊ लाल होत्या. आमच्यासमोर खांब होता, नुसता खांब. पडदा उघडला, आवाज आला, आणि मावशी डोळे मिटून ऐकू लागली. भिंत गेली होती, एवढ्यानेच ती खूश होती.

पहिले गाणे संपले तसे डॉक्टर कमरेत वाकून आमच्याकडे आले. "उठा, आता खांबामागे माझी पाळी." मावशी नको नको म्हणत असताना त्यांनी तिला आपल्या खुर्चीवर बसवले. ती मंचाकडे बघतच राहिली. इतक्या वर्षांच्या त्या दणदणीत आवाजावरून तिने मनात एक उंच, धिप्पाड बाई उभी केली होती. मंचावर काठी टेकून एक एवढीशी म्हातारी उभी होती.

"अगं बाई," मावशी म्हणाली, "केवढीशी आहे ही!" आणि तिच्या डोळ्यांतले पाणी टपकन माझ्या झाकणावर पडले.

दुसऱ्या गाण्यानंतर डॉक्टरांच्या जागी त्याच ओळीत बसलेली शिक्षिका खांबामागे गेली, मग शिंपी, मग ती चिमुरडी आपल्या बाबांच्या मांडीवर. सगळी ओळ पाळीपाळीने एकेक गाणे खांबामागे बसली. मावशीला मात्र पुन्हा कुणी तिकडे जाऊ दिले नाही.

मावशी आता निवृत्त झाली आहे. टोपीवाल्याचे काचेचे ऑफिस अजून आहे, त्याच्यासारखी दुसरीही आहेत, आणि यंत्रे अजून चार मिनिटांत तिकिटे संपवतात. पण प्रत्येक कार्यक्रमाच्या आधी दोन तास आमची खिडकी उघडते, भाची तिथे बसते आणि मी काचेजवळ असतो. मित्रांनो, तुम्हाला कधी येणे जमले नाही, तर तुमची खुर्ची वाया घालवू नका आणि तिचा बाजारही मांडू नका. पाठीवर खरे कारण लिहा आणि ती दुसऱ्याला द्या. बाहेर कुणीतरी नक्की उभे असते.

माझ्या तळाशी एक तिकीट कायमचे ठेवलेले आहे. त्याच्या पाठीवर डॉक्टरांच्या अक्षरात 'खांब' असे लिहिले आहे. त्याच्या खाली, मावशीच्या बारीक अक्षरात, आणखी दोन शब्द आहेत: 'तरी दिसली.'