निरंक ढालीचे निवेदन

विषय : सन्मानढाल परत घेण्याबाबत.
संदर्भ : देवकाबाईंचा निराधार योजनेतील अर्ज.

उपरोक्त विषयाच्या अनुषंगाने, मी सन्मानढाल बोलतेय. गोंदिया जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या निराधार कक्षात, लोखंडी कपाटावर माझा मुक्काम आहे. दिसते सागवानी, पण आत दाबलेला भुसा आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या आयुष्यात अभिमानाने सांगावे असे फारसे काही नाही.

माझा जन्म दिल्लीतल्या एका अरुंद दुकानात झाला. मला घडवून घेतले ते लोककल्याण कार्यालयांच्या राष्ट्रीय महासंघाने. हा महासंघ स्वतः कुणाला पेन्शन देत नाही. निराधार, दिव्यांग, बालकल्याण अशी कामे करणाऱ्या सरकारी कार्यालयांच्या पाठीशी तो उभा राहतो. कारकुनांना शिकवतो, एका कार्यालयाची चांगली रीत दुसऱ्याला कळवतो आणि नियम माणसाच्या आड आला की कार्यालयांच्या वतीने मंत्रालयात बोलतो. त्यासाठी दरवर्षी दोनच प्रश्न विचारतो : प्रलंबित अर्ज किती? अडचणी काय?

आमचे अव्वल कारकून टेकचंदबाबू दोन्हींपुढे लिहीत, 'निरंक'.

निरंक म्हणजे काही नाही. आणि ते खोटेही नव्हते. अर्जात चूक निघाली की तो त्रुटीच्या गठ्ठ्यात जातो आणि त्रुटीतला अर्ज प्रलंबित धरत नाहीत. बाबूंची नजर बारीक होती, त्यांना सगळीकडे चुका सापडत. महासंघाने विश्वास ठेवला आणि 'शून्य प्रलंबित' म्हणून मला बक्षीस दिले. टॉवेलात गुंडाळून मी रेल्वेने आले. हार झाला, पेढे झाले.

कपाटावर मी सारखी डुगडुगत होते. म्हणून दुधराम शिपायाने त्रुटीचा गठ्ठा माझ्या पाठीशी टेकवला. तेव्हापासून मी त्याच्याच आधाराने उभी होते. कोणाच्या जिवावर मिरवते आहे, हे मला रोज पाठीला कळत होते.

त्या गठ्ठ्यात देवकाबाईंचा अर्ज होता. बाई चोरखमारा गावाकडच्या, विधवा. जन्मभर दुसऱ्यांच्या धानाच्या बांध्यांत रोवणा, म्हणजे भाताची लावणी केली, आता गुडघे गेले. घरात कमावणारे कोणी नाही. ही पेन्शन मिळाली तरच चूल त्यांच्या स्वतःच्या हातात राहणार होती. रेशनकार्डावर नाव 'देवका', आधारवर 'देविका'. चौदा महिने त्या बहिणीच्या मुलीला, दामिनीला घेऊन येत होत्या.

परवा पुन्हा आल्या.

"बाबू, माहं काम झालं का?"

"बाई, कागदावर दोन बाया आहेत. देवका कोण अन् देविका कोण?"

"दोन्ही मीच. रोवणा दोघींनी केला, पन गुडघे तं एकीचेच गेले ना!"

"आधारवरचं नाव सुधरवून आणा म्हटलं होतं ना?"

"गेली होती. थो आधारवाला म्हणते, बोटाचे ठसेच उमटत नाही. चिखलात झिजले म्हणते."

टेबलावर महासंघाचे पत्र पडले होते. आपली शून्याची रीत लिहून पाठवा, इतर राज्यांतल्या कार्यालयांना शिकवू, असा मजकूर होता. मला धडकी भरली. एका कपाटावरचा गठ्ठा आता देशभर पोचणार होता.

दामिनी माझ्याकडे टक लावून पाहत होती.

"बाबूजी, हे ढाल कोणाची?"

"आपल्या ऑफिसची. राष्ट्रीय आहे."

"यावर गोंदियाची वेलांटी चुकली. 'गोंदीया' लिवून ठेवलं. मंग हे काऊन त्रुटीत नाही टाकली?"

देवकाबाई म्हणाल्या, "राहू दे वं. तिचे बी ठसे उमटत नसन."

दुधराम हसला आणि मग खोकल्याचे सोंग करू लागला. टेकचंदबाबू हसले नाहीत. चष्मा काढून त्यांनी माझी पितळी पट्टी वाचली, दोनदा. पितळेला लाल होता येत नाही. बाबूंचे कान मात्र झाले.

बाया गेल्यावर त्यांनी गठ्ठा ओढला. मी तोंडावर पडले. मला कोणी उचलले नाही, तेच बरे झाले. बाबूंनी एकेक अर्ज मोजून नवे प्रपत्र भरले. प्रलंबित : सदतीस. अडचण : एका वेलांटीपायी माणूस अडतो, गावातल्या चौकशीवर नाव मान्य व्हावे, हे महासंघाने मंत्रालयात मांडावे. रीत कोणाला शिकवू नये. ढाल परत घ्यावी.

कक्षाच्या साहेबांनी सही केली, पण शेवटची ओळ खोडली. म्हणाले, "ढाल राहू द्या, कपाट रिकामं दिसेल."

म्हणून ती ओळ मीच इथे पुन्हा लिहिते : मला परत न्या. निदान तोवर पालथी राहू द्या.

महासंघाची पोच आली आहे. विषय पुढील बैठकीत ठेवतील. देवकाबाईंचा अर्ज आता त्रुटीत नाही. तो प्रलंबित आहे.