हळदीकुंकवाच्या पिशवीतलं पत्रक

हळदीकुंकवाला गल्लीतली एकही सवाष्ण वगळायची नाही, ही सुमेधाच्या आईची शिकवण. ती तिने कार्डिफमध्ये, ऐन निवडणुकीत पाळली आणि तिथंच घोडं अडलं.

सत्त्याऐंशीचा एप्रिल होता. तिचा नवरा श्रीनिवास हॉस्पिटलात डॉक्टर. ती स्वतः काउन्सिलर ब्रेक्के यांची इलेक्शन एजंट, म्हणजे प्रचारात काही वेडंवाकडं झालं तर कायद्याने मान तिची. ब्रेक्के मूळचे नॉर्वेचे. तरुणपणी खलाशी म्हणून या बंदरात उतरले आणि इथलेच झाले. वॉर्डातली पोरं बाप्ये झाली तरी काउन्सिलर तेच. सुमेधाच्या खिडकीवर कुणीतरी वीट मारली तेव्हा हातोडी-खिळे घेऊन म्हातारा स्वतः आला होता. या माणसाला भीती ठाऊकच नाही, असं ती सगळ्यांना सांगत फिरे.

चैत्रगौर बसली. कैरी मिळाली नाही म्हणून आंबट सफरचंद किसून डाळ केली. सकाळी ब्रेक्के पत्रकांचा गठ्ठा घेऊन आले. ओटीचे हरभरे आणि केळी भरलेल्या पिशव्या ओट्यावर मांडलेल्या. सुमेधाने सुचवलं, एवढ्या बायका येणारच आहेत, पत्रकंही त्यातच घालावीत, पुन्हा दारोदार कोण हिंडणार? ब्रेक्के खूश झाले. डाळ खात खात त्यांनी स्वतःच्या हाताने प्रत्येक पिशवीत एकेक पत्रक सरकवलं.

संध्याकाळी सगळी गल्ली लोटली. पलीकडच्या मिसेस पॅरीही हॅट घालून आल्या. त्यांचा नवरा ब्रेक्केंच्या विरोधात उभा होता. पण सवाष्ण ती सवाष्ण! कुंकू लावून घेतलं, सफरचंदाचंच केलेलं पन्हं प्यायल्या, पिशवी घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी श्रीनिवास चहा पिताना एजंटांसाठीचं बुकलेट चाळत होता. चाळता चाळता त्याचा कप खाली आला.

"सुमेधा, तू हे वाचलंस तरी का? मतांसाठी मतदारांना खाऊपिऊ घातलं तर इलेक्शन रद्द होतं! ब्रेक्केंची सीट जाईल, आणि केस तुझ्यावर होईल."

"अहो, पण ते देवाचं होतं."

"देवाच्या पिशवीत पत्रक कुणी घातलं?"

सुमेधाला मिसेस पॅरी आठवल्या. पिशवी पॅरीच्या घरात होती! आपल्या चार हरभऱ्यांपायी एका माणसाची सगळी कमाई मातीत जाणार. कोर्ट, पेपरात फोटो, श्रीनिवासच्या हॉस्पिटलात कुजबुज. ती तशीच, चपला बदलायचं भान न ठेवता, ब्रेक्केंकडे धावली.

तिने सगळं सांगितलं. चूक माझी, आपणच जाऊन कबूल करू, असंही म्हणाली. ब्रेक्केंनी आधी पडदा ओढून घेतला. मग खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कुणाला सांगू नकोस. इतकी वर्षं हे लोक माझं पाऊल चुकायची वाट बघताहेत. मी यांच्यासाठी अजून बोटीवरून उतरलेला परकाच आहे." मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "आणि कुणी विचारलंच, तर पत्रकं तू घातलीस. मला काही ठाऊक नव्हतं."

सुमेधाला वाटलं, कुणीतरी थोबाडीत मारली. तरी ती "बरं" म्हणाली.

मतदान होईपर्यंत तिला अन्न गोड लागेना. दाराची बेल वाजली की ती आधी पडद्याआडून बघे. मतमोजणीच्या हॉलमध्ये ती अंग चोरून भिंतीशी उभी राहिली. ब्रेक्के निवडून आले, पण अगदी थोडक्या मतांनी. टाळ्या पडल्या, आणि त्या टाळ्यांतून मिसेस पॅरी थेट तिच्या दिशेने येऊ लागल्या. आता संपलं सगळं, असं वाटून सुमेधाने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"आमच्या ह्यांनी ती पिशवी मागितली होती," बाई हळूच म्हणाल्या. "मी म्हटलं, हरभरे खाल्ले, कागद शेगडीत टाकला. खरंच टाकला. हे काउन्सिलर झाले असते तर मला घरात कधी दिसले असते का?"

त्या गेल्या. सुमेधा त्याच खुर्चीवर टेकली. रडू आणि हसू एकदमच आलं.

तेवढ्यात ब्रेक्के लगबगीने आले. कोटावर पक्षाची फीत होती, कपाळावर घाम होता.

"काय म्हणाली ती?"

एका वाक्यात त्यांना मोकळं करता आलं असतं. वीट पडली तेव्हाचे त्यांचे हात तिला आठवले, आणि पत्रकं सरकवणारेही आठवले. दुसरे विसरता येईनात.

"पिशवी जपून ठेवलीय म्हणाली," ती म्हणाली. "काय करायचं ते अजून ठरवलं नाही."

ब्रेक्केंनी कोटावरची फीत चाचपली. फोटोवाला हाका मारत होता. सुमेधाने पदर सारखा केला आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.